दाटीत माप चुकते

जालना जिल्ह्यात शेततळ्याचे महत्त्व कुणी कुणाला सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडच्या कित्येक मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाचे काम केले, शेततळी खोदली आणि त्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या केल्या, हेही आपल्याला ठाऊक आहे. या तळ्यात आपण प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. साधारणपणे तो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्या अर्ध्या मिलिमीटरवर उन्हाळ्याचे सारे पाणी तोललेले असते. कागद तडकला की पाणी जमिनीत मुरते, आणि बाग कोरडी पडते.

कागदाची जाडी मोजता येते, वजनही करता येते. पण दोन कागद जाडीने सारखे, वजनाने सारखे, रंगानेही सारखे असावेत, आणि तरी एक वर्षानुवर्षे टिकावा व दुसरा लवकर तडकावा, असे का होते? कारणे पुष्कळ असतात. अंथरताना खाली खडा राहिला, सांधा नीट जोडला गेला नाही, उन्हापासून बचावासाठी घालतात ती काजळी कमी पडली. पण एक कारण असे आहे की ते डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना लागत नाही. ते म्हणजे कागद ज्या रेणूंचा बनला आहे त्या रेणूंची लांबी. ही लांबी कशी मोजतात, आणि ती मोजताना द्रावण किती पातळ ठेवावे लागते, हे आज पाहू. विषय प्रयोगशाळेतला आहे खरा, पण त्यातली गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

आधी रेणू कसा असतो ते बघा. मिठाचे किंवा साखरेचे कण पाण्यात विरघळतात, तसे लहान रेणू आपल्याला माहीत आहेत. प्लॅस्टिकचे रेणू तसे नसतात. एकच लहान घटक हजारो वेळा एकापुढे एक जोडला जाऊन लांबच लांब साखळी तयार होते. अशा पदार्थाला पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. यात परके काही नाही बरं का. आपल्या शेतातला कापूस हा बहुवारिकच आहे. कापसातल्या सेल्युलोजच्या एकेका साखळीत ग्लुकोजचे घटक दहा हजारांच्या आसपास असतात. तळ्याचा कागद पॉलिथिनचा असतो. त्याच्या एखाद्या साखळीचा रेणुभार एक लाख असेल, तर तिच्यात सात हजारांहून अधिक कार्बनचे अणू एका ओळीत असतात.

आता लांबीने काय बिघडते? कापूस विकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. लांब धाग्याच्या कापसाला भाव अधिक, कारण त्याचे सूत मजबूत निघते. आखूड तंतू एकमेकांवरून घसरतात आणि सूत तुटते. धागा आणि रेणू यांत आकाराचा फरक फार मोठा आहे, तरी तत्त्व जवळचे आहे. पॉलिथिनच्या लांब साखळ्या एकमेकींत अडकून कागदाला चिवट ठेवतात. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून या साखळ्या तोडतात. एका साखळीच्या मधोमध एकच तोड पडली, तर तिचे दोन तुकडे होतात आणि लांबी निम्मी होते. गंमत अशी की कागदाची जाडी तेवढीच राहते आणि वजनही जवळजवळ तेवढेच. वरून काही कळत नाही. पण कागद ठिसूळ होऊ लागलेला असतो.

म्हणून साखळ्यांची लांबी मोजायची. पण कशी? एवढ्या बारीक वस्तूला पट्टी लागत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. लंडनमध्ये लेथ आणि रुथवेन यांनी १९५५-५६ च्या सुमारास स्टार्चच्या फुगवलेल्या दाण्यांनी नळी भरली, तिच्यातून वेगवेगळ्या आकाराचे रेणू सोडले, आणि ते आकाराप्रमाणे वेगळे होतात असे दाखवले. १९५९ साली स्वीडनमधल्या पोराट आणि फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रान नावाच्या पदार्थाचे जेलीसारखे मणी याच कामासाठी वापरले. पुढे १९६४ साली अमेरिकेत डाऊ कंपनीतील जॉन मूर यांनी पॉलिस्टायरीनचे सच्छिद्र मणी करून हीच रीत प्लॅस्टिकच्या रेणूंना लावली. या रीतीला साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मराठीत आपण तिला आकारानुसार वर्गवारी म्हणू.

ती समजायला आपण राजूरला जाऊ. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला केवढी गर्दी लोटते! समजा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि दुकानांच्या मधून अरुंद बोळ गेले आहेत. एक बैलगाडी त्या रस्त्याने निघाली. ती बोळात शिरू शकत नाही. सरळ रस्त्याने जाते आणि सर्वांत आधी पलीकडे पोचते. मोठा माणूस रुंद बोळात डोकावतो, अरुंद बोळ सोडून देतो. तो त्यामागून येतो. आणि पोर? ते प्रत्येक बोळात शिरते, प्रत्येक दुकानात थांबते, आणि सर्वांत शेवटी बाहेर पडते.

नळीत असेच घडते. नळी मण्यांनी ठासून भरलेली असते आणि प्रत्येक मण्याला लहानमोठी छिद्रे असतात. एका टोकाने द्रावकाचा संथ प्रवाह सोडलेला असतो. त्यात बहुवारिकाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब सोडतात. मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, म्हणून ते आधी बाहेर येतात. लहान रेणू छिद्रांत शिरत, निघत उशिरा येतात. आपली चाळणी बारीक माल आधी खाली सोडते; इथे त्याच्या उलट, मोठा माल आधी निघतो. शेवटी बसवलेले यंत्र कोणत्या वेळी किती माल बाहेर आला त्याची रेघ काढते. ज्यांचा रेणुभार आधीच ठाऊक आहे असे नमुने त्याच नळीतून सोडून वेळेचा आणि रेणुभाराचा तक्ता तयार केलेला असतो. आपला नमुना कधी आला ते पाहायचे आणि तक्त्यावरून रेणुभार वाचायचा.

इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. नळी वजन मोजत नाही, लांबीही मोजत नाही. रेणू द्रावणात किती जागा व्यापतो, तेवढेच ती ओळखते. साखळी द्रावणात काठीसारखी ताठ नसते. ती सैल गुंडाळलेल्या सुतासारखी वेटोळे घालून असते. त्या वेटोळ्यात स्वतःचा माल थोडा आणि द्रावकच फार. लांब साखळीचे वेटोळे मोठे, आखूड साखळीचे लहान, म्हणून जागेवरून लांबीचा अंदाज येतो. पण वेटोळे मोकळे असेल तरच हा अंदाज खरा. त्याला दाटी झाली की काय होते, हाच आजचा मुद्दा.

जत्रेतला मोठा माणूस पुन्हा डोळ्यांपुढे आणा. रस्ता मोकळा असेल तर तो खांद्यावरचे उपरणे पसरून, हात हलवत ऐसपैस चालतो. गर्दी वाढली की उपरणे आवरतो, कोपरे अंगाशी घेतो, अंग चोरतो. मघाशी ज्या बोळात तो शिरला नसता, त्या बोळात आता शिरतो आणि उशिरा बाहेर पडतो. दारावर मोजणारा म्हणतो, "हा उशिरा आला, म्हणजे हा लहान." माणूस तेवढाच आहे, गर्दीने त्याला लहान केले. द्रावणात साखळ्या जास्त झाल्या की त्यांची वेटोळी एकमेकांच्या दाबाने अशीच आकसतात, उशिरा बाहेर येतात, आणि यंत्रावर रेणुभार खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

दाटीचा दुसरा परिणाम चिकटपणाचा. गुऱ्हाळात काकवी पाहिली असेल. एखाद्या नळीत काकवी भरून तिच्यामागून पाणी ढकलले तर काय होईल? पाणी सगळी काकवी सरळ पुढे ढकलत नाही. ते मध्येच वाट काढते, बोटांसारखे फाटे फोडत आत घुसते, आणि काकवी मागे रेंगाळते. बहुवारिकाचे दाट द्रावण नळीत सोडले तर मागून येणारा पातळ द्रावक हेच करतो. नमुन्याचा पट्टा वेडावाकडा होतो, त्याला शेपूट फुटते, आणि यंत्रावरची रेघ पसरट येते. मग रेणू मागे राहिला तो लहान होता म्हणून, की वाट फाटली म्हणून, हे सांगता येत नाही.

तिसरा परिणाम याच्या उलट दिशेचा आहे. बोळ आधीच माणसांनी भरले असतील तर नंतर येणाऱ्याला आत जागा मिळत नाही, आणि तो सरळ रस्त्याने लवकर बाहेर पडतो. नळीतही असे थोडेफार होते. पण लांब साखळ्यांच्या बाबतीत पहिले दोन परिणाम बहुधा वरचढ ठरतात. एकूण निकाल असा : द्रावण जितके दाट, तितका नमुना उशिरा, आणि तितका रेणुभार कमी दिसतो.

दाट म्हणजे किती दाट? याचे उत्तर साखळीच्या लांबीवर आहे. पॉलिस्टायरीन चांगल्या द्रावकात विरघळवले असे समजा. साखळीचा रेणुभार दहा हजार असेल, तर एका लिटरात शंभर ग्रॅमच्या वर माल गेल्यावर वेटोळी एकमेकांना भिडू लागतात. रेणुभार एक लाख असेल, तर लिटरात सुमारे २० ग्रॅमलाच भिडतात. आणि दहा लाख असेल, तर अवघ्या ४ ग्रॅमला. लिटरभर द्रावकात चमचाभराहून कमी माल, आणि तरीही दाटी झालेली! लांब साखळी कमी मालात जास्त जागा अडवते, म्हणून असे होते. प्रयोगशाळेतला व्यवहारी नियम असा की या मर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षा खाली राहावे. म्हणजे लाखाच्या रेणुभाराला लिटरात साधारण दोन ग्रॅम आणि दहा लाखांच्या रेणुभाराला अर्ध्या ग्रॅमहून कमी.

मग अगदीच पातळ का करू नये? तसेही चालत नाही. माल फार कमी झाला तर यंत्राला तो दिसेनासा होतो. रेघेवर खरा उंचवटा कोणता आणि यंत्राची थरथर कोणती, हे ओळखू येत नाही. फवारणीच्या औषधासारखेच हे आहे. प्रमाण जास्त झाले तर पीक करपते, कमी झाले तर कीड मरत नाही.

आता चूक किती मोठी होते ते हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या नळीत रेणुभार दसपट कमी झाला की नमुना दोन मिलिलिटर उशिरा येतो. या नळीत दाटीमुळे नमुना फक्त दशांश मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब, उशिरा आला. तेवढ्याने रेणुभार जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी दिसेल. अर्धा मिलिलिटर उशीर झाला, तर तो खऱ्याच्या निम्म्याच्या जवळ येऊन पोचेल.

याचा आपल्या तळ्याच्या कागदाशी काय संबंध? फार जवळचा आहे. समजा, नव्या कागदाचा एक तुकडा आणि चार उन्हाळे खाल्लेल्या कागदाचा एक तुकडा, असे दोन नमुने तपासायचे आहेत. पॉलिथिन साध्या तापमानाला विरघळत नाही. ट्रायक्लोरोबेंझीन नावाच्या द्रावकात ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवावे लागते, काजळी गाळून काढावी लागते. एवढे करून कुणी घाईने दोन्ही द्रावणे दाट ठेवली, तर काय होईल? नव्या कागदात लांब साखळ्या जास्त आहेत. दाटीचा फटका लांब साखळ्यांना जास्त बसतो. म्हणून नव्या कागदाचा रेणुभार बराच खाली येईल, जुन्याचा थोडाच खाली येईल, आणि दोघांतले अंतर कमी दिसेल. उन्हाने केलेली झीज खरी आहे, पण कागदावरच्या आकड्यात ती झाकली जाईल. तपासणारा म्हणेल, "फारसा फरक नाही, कागद ठीक आहे." आणि या शब्दावर विसंबून कुणी तो कागद आणखी दोन उन्हाळे ठेवला, तर नुकसान कुणाचे?

उलट प्रकारही घडतो. एकाच कागदाचे दोन तुकडे दोन ठिकाणी तपासायला दिले. एकीकडून दोन लाखांचा आकडा आला, दुसरीकडून दीड लाखाचा. लगेच आपण म्हणतो, कुणीतरी लबाडी केली. तसे असेलच असे नाही. एकाने द्रावण पातळ घेतले असेल, दुसऱ्याने दाट. म्हणून आकड्याबरोबर द्रावणाची संहती, म्हणजे लिटरात किती ग्रॅम माल घेतला, हे लिहिलेले असायला हवे. तक्त्यासाठी वापरलेले ठाऊक नमुनेही तितकेच पातळ हवेत. बरेचदा तीन-चार ठाऊक नमुने वेळ वाचवायला एकत्र सोडतात; तेव्हा त्या सगळ्यांची मिळून दाटी मोजावी लागते.

जाणते लोक यावर एक उपाय करतात. एकच नमुना तीन वेगवेगळ्या संहतींना तपासतात : समजा, लिटरात दोन ग्रॅम, एक ग्रॅम आणि अर्धा ग्रॅम. तिन्ही वेळा उत्तर तेच आले तर दाटी नाही असे समजायचे. उत्तर सरकत असेल तर तीन ठिपके आलेखावर मांडून त्यांतून जाणारी रेघ शून्य संहतीपर्यंत वाढवायची. शून्य संहतीला मोजणी करता येत नाही, कारण मोजायला मालच नसतो. पण रेघ तिथे जे सांगते ते एकट्या, मोकळ्या साखळीचे माप असते. आता काही यंत्रांत बाहेर येणाऱ्या रेणूंवर प्रकाश टाकून, तो किती विखुरतो यावरून रेणुभार काढतात. त्यात तक्त्यावर विसंबावे लागत नाही. तरी नळीतली दाटी त्यानेही नाहीशी होत नाही, म्हणून द्रावण पातळ लागतेच.

गुरुजी, ही रेघ वाढवण्याची युक्ती आपल्याला शाळेत करून दाखवता येईल. त्याला यंत्र नको. एक चमचा साबुदाण्याचे पीठ एक लिटर पाण्यात चांगले शिजवून पातळ पेज करा आणि फडक्याने गाळून घ्या. साबुदाण्यातला स्टार्च हाही बहुवारिकच आहे. ठिबकची बारीक नळी वीतभर कापून बाटलीच्या झाकणात घट्ट बसवा आणि बाटलीचे बूड कापून ती उलटी टांगा. बाटलीवर दोन खुणा करा. आधी साधे पाणी भरा आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. मग पेज भरून पाहा. मग अर्धी पेज व अर्धे पाणी, आणि शेवटी पाव पेज व पाऊण पाणी. सगळ्यांचा कोमटपणा सारखा ठेवा, कारण गरम पेज पातळ वाहते.

प्रत्येक वेळी पाण्यापेक्षा जास्त लागलेला वेळ काढा आणि त्याला पेजेच्या प्रमाणाने भागा. समजा, पाण्याला १०० सेकंद लागले, पेजेला १८० आणि अर्ध्या पेजेला १३५. जास्तीचा वेळ पहिल्यात ८०, दुसऱ्यात ३५. एकाला एकाने भागून ८०. ३५ ला अर्ध्याने भागून ७०. माल निम्मा केला, तर भागाकार तोच यायला हवा होता. पण तो ८० वरून ७० वर आला. म्हणजे दाट पेजेतला चमचाभर स्टार्च पातळ पेजेतल्या चमचाभरापेक्षा जास्त अडवतो. कारण दाट पेजेत साखळ्या नुसत्या पाण्याला अडवत नाहीत, एकमेकींनाही अडवतात. आता हे ठिपके आलेखावर मांडा आणि रेघ शून्याकडे वाढवा. आपल्या हिशेबात ती ६० ला जाऊन मिळते. मुलांना विचारा, "हे ६० आपण मोजले का?" नाही. "मग ते कुणाचे माप?" गर्दी नसलेल्या साखळीचे. हा प्रश्न सुटला की आकारानुसार वर्गवारीतली संहतीची अडचण मुलांना निराळी शिकवावी लागत नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तळ्याचा कागद घेताना आपल्याला असे यंत्र लावायचे नाही. जाडी, मानक चिन्ह, सांध्याची जोडणी आणि खालची स्वच्छ जमीन एवढे आपण पाहतोच, आणि ते पाहिलेच पाहिजे. पण कधी कागदाच्या दर्जावरून वाद झाला, तपासणीचा अहवाल हाती आला, तर नुसत्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, आणि लहान आकडा पाहून लगेच चिडूही नका. विचारा : द्रावण लिटरात किती ग्रॅमचे होते? नव्या आणि जुन्या नमुन्याला तेच प्रमाण ठेवले होते का? आणखी पातळ करून पुन्हा मोजले होते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे अहवालात असतील तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नसतील, तर ती मागून घ्या. एका तळ्याचे पाणी आणि एक बाग त्या आकड्यावर उभी असते. तेवढे विचारण्याचा आपला हक्क आहे.